खलाशी पाकिस्तानात पकडला गेला, तर घरच्यांनी काय करायचं

घरात रडारड होणारच, ती कुणी थांबवू नये. पण एकाने वही घेऊन बसावं. पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: बोटीचं नाव आणि नोंदणी नंबर, ती कुठल्या बंदरातून सुटली, आणि पकडल्याची तारीख. या तिन्ही गोष्टी बोटमालकाकडून त्याच दिवशी मिळतात. महिन्याने विचारलं तर तारीख दोन-चार दिवसांनी इकडेतिकडे होते, आणि पुढचा सगळा हिशोब तारखेवरच चालतो.

मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. आपल्याकडची आदिवासी पोरं पावसाळा सरला की उचल घेऊन पोरबंदर, वेरावळ, ओख्याच्या बोटींवर जातात. ज्यांचे शाळा सोडल्याचे दाखले मी स्वतः लिहिले, त्यांतली काही कराचीच्या मलीर तुरुंगात राहून आली. त्यांच्या घरच्यांचे अर्ज लिहिता लिहिता जे कळलं, ते इथे मांडतो.

गुजरात आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक या खाडीपासून पुढे समुद्रात दोन्ही देशांनी मान्य केलेली हद्द नाही. मासळीच्या मागे गेलेल्या बोटीला पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी पकडते. तरी या माणसांच्या बाजूने कायदा आहे, आणि अर्जात तो नावानिशी लिहायचा. 1963 च्या व्हिएन्ना करारातलं कलम 36 सांगतं, की परदेशी माणसाला अटक झाली तर त्याला त्याच्या वकिलातीशी बोलता आलं पाहिजे. भारत-पाकिस्तानने 21 मे 2008 रोजी यावर वेगळा करारही केला आहे. अटक झाल्याचं कैद्याच्या देशाच्या उच्चायुक्तालयाला, म्हणजे वकिलातीला, लगेच कळवायचं, तीन महिन्यांच्या आत तिथल्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री झाली की एका महिन्यात घरी पाठवायचं. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने याच 2008 च्या कराराची आड घेतली होती. 17 जुलै 2019 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं, की पाकिस्तानने कलम 36 मोडलं. हेरगिरीचा आरोप असलेल्या माणसालाही हा हक्क असेल, तर जाळं ओढणाऱ्याला का नसावा?

म्हणून वहीत अटकेच्या तारखेपुढे तीन महिन्यांनंतरची तारीख मांडा. तोवर भेट झाली का, हे परराष्ट्र मंत्रालयाला विचारायचं. त्यासाठी ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे. तिथे तक्रार नोंदवली की नंबर मिळतो, तो वहीत उतरवा. त्याच मजकुराचं पत्र जिल्हाधिकारी, मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि खासदारांना द्या, आणि प्रत्येक प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

गाडी सगळ्यात जास्त अडते ती नावात. भेटीच्या वेळी कैदी आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगतो. आपलं पोर वारलीत बोलतं, लिहिणारा दुसऱ्याच प्रांतातला असतो. मग तो कागद दिल्ली, मुंबई असा फिरत स्थानिक पोलिसांकडे पडताळणीला येतो. एका मुलाच्या कागदावर ‘झाई’चं ‘जय’ झालं होतं. शोध दुसऱ्याच गावात झाला आणि ‘असा इसम येथे राहत नाही’ असा शेरा मारून कागद परत गेला. त्याची आई त्याच रस्त्यावर चार किलोमीटरवर राहत होती. शिक्षा संपली तरी पोरगं आत, फक्त त्या एका शेऱ्यामुळे. माझ्या मनातून ते अजून जात नाही.

यावर उपाय घरच्यांच्याच हातात आहे. पडताळणीची वाट न बघता आपण आधी कागद नेऊन द्यायचे. आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला यांच्या प्रती, फोटो, अंगावरची खूण. सोबत एका कोऱ्या कागदावर नाव जितक्या तऱ्हांनी लिहिलं जाऊ शकतं तितक्या तऱ्हांनी इंग्रजीत लिहा: रुपजी, रूपसी, रूपजीभाई. गाव, पाडा, तालुका, जिल्हा वेगवेगळ्या ओळींवर. पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला, त्यामुळे जुन्या कागदावर ठाणे असतं. तेही स्पष्ट लिहा.

दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. मंत्रालयाच्या पत्रकात नुसते आकडे असतात. आपलं नाव यादीत आहे का, हे मंत्रालयाला लेखी विचारावं लागतं, ते त्याच आठवड्यात विचारा. जुलै 2025 मध्ये पाकिस्तानने 193 भारतीय मच्छीमार आपल्याकडे असल्याचं सांगितलं. शिक्षा पुरी झालेल्या 159 भारतीयांना, मच्छीमार आणि इतर कैदी धरून, सोडा अशी मागणी भारताने तेव्हा केली. आपल्या तुरुंगांतही 81 पाकिस्तानी मच्छीमार होते. त्यांच्या आयाही अशाच वाट बघत असणार, हे मी विसरत नाही.

अर्जात आणखी एक ओळ घाला. 1982 च्या समुद्र कायदा कराराचं कलम 73 म्हणतं, की किनाऱ्यालगतच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून, दोन देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवास देऊ नये. दोन्ही देशांनी हा करार मान्य केलेला आहे. एका अर्जाने सुटका होत नाही, पण खासदाराला संसदेत प्रश्न विचारायला मुद्दा मिळतो. घरखर्चासाठी सरकारी मदत कोणत्या तारखेपासून मिळेल, तेही मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी विचारा. बोट गुजरातची म्हणून आपण कुणाचेच नाही, असं ऐकून परत फिरू नका. खलाशी महाराष्ट्राचा आहे.

सुटलेली माणसं वाघा-अटारीहून परत येतात. आपला माणूस घरी आला, जेवला, झोपला, की दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन त्याच्याजवळ बसा. बराकीत आणखी कोण होतं, कुठल्या पाड्याचं, बापाचं नाव काय, कुणाची भेट अजून झाली नाही, ते एकेक करून लिहून घ्या. त्या घरांना अजून काहीच कळलेलं नसतं.