आपल्या गुंतवणुकीत चीन कुठे दडला आहे, ते कसे शोधावे

‘माझ्याकडे चीनचा एकही शेअर नाही, मग तिकडे काय का होईना,’ असे रामबागेतले आमचे एक शेजारी नेहमी म्हणतात. त्याच शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नासाठी सराफ्यातून सोने घेतले, तेव्हा वाढलेल्या भावामागे चीनच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर 2022 पासून सलग अठरा महिने केलेल्या खरेदीचाही वाटा होता. चीन आपल्याकडे असा मागच्या दाराने येतो, म्हणून ते दार आधी शोधावे.

त्यासाठी आपल्या म्युच्युअल फंडाची फॅक्टशीट, म्हणजे फंडाचा पैसा कुठे आहे ते सांगणारे मासिक पत्रक, काढावी, पहिल्या दहा कंपन्या वहीत उतरवाव्यात आणि प्रत्येकीपुढे एक प्रश्न लिहावा: ही कंपनी चीनला माल विकते, चीनकडून घेते, की चिनी मालाशी झुंजते? वार्षिक अहवालातील कच्च्या मालाविषयीचा आणि स्पर्धेविषयीचा मजकूर वाचला, तर बहुतेक वेळा उत्तर मिळते.

घेणाऱ्या कंपन्या ओळखणे सोपे आहे. इंदूरजवळच्या आपल्या पीथमपूरला औषधांचे कितीतरी कारखाने आहेत, आणि देशात आयात होणाऱ्या बल्क ड्रगपैकी, म्हणजे औषधांच्या कच्च्या मालापैकी, सुमारे दोन-तृतीयांश माल चीनमधून येतो. तो स्वस्त झाला की अशा कंपनीचा नफा वाढतो. पुरवठा अडला की उत्पादनच थांबते. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कारखान्यांना नेमकी हीच धास्ती पडली होती.

झुंजणाऱ्या कंपन्यांकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे, कारण चीनची मंदी ही त्यांच्यासाठी तेजीपेक्षा घातक असते. ऑगस्ट 2020 मध्ये बीजिंगने बिल्डरांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’, म्हणजे कर्जाच्या तीन मर्यादा, आखल्या, घरबांधणी आक्रसत गेली, आणि एव्हरग्रँड या अवाढव्य बिल्डर कंपनीचे दिवाळे काढण्याचा आदेश हाँगकाँगच्या न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये दिला. पण वर्षाला शंभर कोटी टनांच्या आसपास, म्हणजे जगातील निम्म्याहून अधिक पोलाद ओतणाऱ्या भट्ट्या काही त्या प्रमाणात विझल्या नाहीत. देशात न खपलेला माल बाहेर स्वस्तात जाऊ लागला आणि एप्रिल 2025 मध्ये भारताला काही पोलादी उत्पादनांवर 12 टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावावे लागले. मी स्वतः या बाबतीत पोळलो आहे. चीन सोडून ग्राहक आता भारताकडे वळणार, या चर्चेवर विसंबून मी एका रसायन कंपनीचे शेअर घेतले. पुढे चिनी माल इतका स्वस्त झाला की तिच्या विक्रीचे टन वाढूनही नफा घसरला. त्या शेअरपुढे मी ‘विकते की झुंजते’ हे लिहिलेच नव्हते.

राजकारणाचा परिणाम कसा होतो, हे माळव्यातल्या सोयाबीनवाल्यांना निराळे सांगायला नको. जुलै 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावताच चिनी खरेदी ब्राझीलकडे वळली आणि अमेरिकेतल्या शिकागो वायदे बाजारातले सोयाबीनचे भाव कोसळले. म्हणून शुल्काची बातमी आली की नुकसान कोणाचे, एवढेच पाहू नये; ती मागणी आता कोणाच्या दारी जाईल, हेही पाहावे.

परदेशी पैशाची ये-जा हा वेगळा भाग आहे. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस चीनने व्याजदर कपातीसह मोठे उपाय जाहीर केले, तिथले शेअर आकर्षक वाटू लागले आणि ऑक्टोबरमध्ये परदेशी संस्थांनी भारतातले नव्वद हजार कोटींहून अधिक रुपयांचे शेअर विकले. सगळे दोष चीनचे नव्हते, आपले बाजारही महागच होते. अशा महिन्यात एसआयपी थांबवू नये.

थेट चीनचा फंड घ्यायचा असेल, तर एक ध्यानात ठेवावे: तिथे सरकारचा एक आदेश सगळा हिशेब बदलतो. जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावण्याची बंदी झाली आणि त्या कंपन्यांचे शेअर काही दिवसांत मातीमोल झाले. माझ्या मते एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपलीकडे तिथे जाऊ नये.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन नोंदी असू द्याव्यात. महिनाअखेरीस येणारा चीनचा कारखानदारीचा पीएमआय (खरेदी व्यवस्थापकांच्या पाहणीवरचा निर्देशांक; 50 च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट) 50 च्या वर आहे की खाली, ही एक; आणि मार्चमधील संसदेच्या अधिवेशनात जाहीर होणारे विकासदराचे लक्ष्य, ही दुसरी. 2023 पासून सलग तीन वर्षे ते ‘सुमारे 5 टक्के’ होते.