‘डॅझल शिप्स’ पुन्हा ऐकायला घेताना

ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क, म्हणजेच ओएमडी, या ब्रिटिश बँडचा ‘डॅझल शिप्स’ हा अल्बम मार्च १९८३ मध्ये आला. त्यांच्याच १९८१ च्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ या अल्बमच्या सुमारे तीस लाख प्रती खपल्या होत्या; ‘डॅझल शिप्स’ सुमारे तीन लाखांवर थांबला. गोड चालींची वाट पाहणाऱ्यांच्या हाती लघुलहरी रेडिओची खरखर आणि यंत्रांचे बोल पडले, त्यामुळे त्यांची निराशा समजण्यासारखी आहे.

पुन्हा ऐकताना पहिली काळजी घ्यायची ती क्रमाची. मूळ अल्बममध्ये बारा तुकडे असून ते सगळे मिळून जेमतेम पस्तीस मिनिटांचे आहेत. २००८ च्या पुनर्आवृत्तीत जादा गाणी जोडलेली असल्यामुळे बाराव्यानंतर थांबावे. क्रम उलटसुलट करणारी सोय बंद ठेवावी आणि सुरुवातीचा ‘रेडिओ प्राग’ वगळून पुढे जाण्याचा मोह आवरावा, कारण त्याच नावाच्या रेडिओ केंद्राच्या ओळखधूनीतून ‘जेनेटिक इंजिनीअरिंग’मध्ये शिरताना जो धक्का बसतो, तो थेट गाण्यापासून सुरुवात केल्यास बसत नाही. या गाण्यात ‘स्पीक अँड स्पेल’ या मुलांच्या बोलक्या खेळण्याचा आवाज वापरला आहे. तो निर्विकारपणे सुटे शब्द उच्चारतो आणि त्यानंतर माणसाचा गळा लागला की तोच गळा अधिक हळवा वाटू लागतो.

‘टाइम झोन्स’साठी मात्र हेडफोन हवेतच. वेगवेगळ्या देशांतील, फोनवरून वेळ सांगणाऱ्या बोलक्या घड्याळांचे आवाज येथे एकावर एक रचले आहेत. पहिल्यांदा सगळे मिळून गलबला वाटतो, पण दुसऱ्या वेळी एकच भाषा धरून शेवटपर्यंत तिच्यामागे जावे, म्हणजे बाकीचे आवाज आपोआप पार्श्वभूमीला सरकतात.

स्मरणरंजनाचा प्रश्न थोडा अवघड आहे. फोनवरून वेळ सांगणारी सेवा आणि रेडिओचा काटा फिरवत पकडायची परकी केंद्रे पुष्कळ ठिकाणी इतिहासजमा झाली आहेत, त्यामुळे १९८३ मध्ये जो जन्मलाही नव्हता त्यालाही येथे काहीतरी हरवल्यासारखे वाटते. ही हुरहुर आपल्या स्वतःच्या आठवणीतून आली की ध्वनीतूनच, हे तपासण्यासाठी ऐकताना प्रत्येक तुकड्यासमोर एकेक शब्द टिपून ठेवावा. ‘इंटरनॅशनल’च्या आरंभी निकाराग्वातील एका मुलीवर झालेल्या क्रौर्याची बातमी ऐकू येते आणि तो काळ गोड होता हा समज तेथेच मोडतो. ‘एबीसी ऑटो-इंडस्ट्री’ मला आजही अर्धवट प्रयोग वाटतो. आठवणीच्या मायेपोटी त्याला थोर ठरवण्याचे कारण नाही.

एवढे करूनही मन रमले नाही, तर काही दिवसांनी ‘द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप’पासून सुरुवात करावी. हे गाणे आणि अखेरचे ‘ऑफ ऑल द थिंग्ज वी हॅव मेड’ ही दोन्ही आधीच्या सिंगल्सच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या तबकड्यांच्या, मागच्या बाजूला येऊन गेली होती, म्हणून ती जुन्या ओएमडीच्या अधिक जवळची आहेत. मुखपृष्ठ मात्र ऐकून झाल्यावरच निरखावे. पीटर सॅव्हिल यांच्या या मांडणीमागे एडवर्ड वॉड्सवर्थ यांचे १९१९ चे चित्र आहे, ज्यात पहिल्या महायुद्धातील जहाजांवर शत्रूचा अंदाज चुकवण्यासाठी रंगवलेले पट्टे दिसतात. अखेरचे गाणे संपताच अॅप स्वतःहून दुसरे काही सुरू करील, तेव्हा ती सोय आधीच बंद करून ठेवावी.