न थांबणाऱ्या वेळेपासून मागे मोजायला शिका

वेळेचं नियोजन करायचं ठरलं की बहुतेकजण वही घेतात आणि पहाटे पाचपासूनचा दिनक्रम आखतात. चार दिवसांत तो मोडतो. कोकणात राहणाऱ्याने सुरुवात दुसरीकडून करावी. जे आपल्यासाठी थांबणार नाही, ते आधी कॅलेंडरवर मांडावं: भरती-ओहोटी, मृग, गणपती, मुलांची परीक्षा, एसटीची शेवटची फेरी.

समुद्राची वेळ तोंडी हिशेबाने काढता येते आणि हा हिशेब घरातल्या प्रत्येक मुलाला यायला हवा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दिवसा आणि रात्रीही. तिथून सहा तासांनी ओहोटी. गावागणिक तास-अर्धा तास फरक पडतो, तो आपल्या खाडीवर पाहून ठरवा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे तिसऱ्या-कालवं (खाण्याचे शिंपले) काढायला जाणाऱ्या बायकांचा स्वयंपाक, धुणं, बाजार सगळं रोज थोडं सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब ओसरतं, ते दिवस त्या आधीपासून राखून ठेवतात. सरकत्या वेळेभोवती दिवस बसवण्याची ही हातोटी मोठमोठ्या कचेऱ्यांतही क्वचित दिसते.

मग मागे मोजा. मृग ७-८ जूनला लागतो. आमसुलं रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवायला बरेच दिवस कडक ऊन लागतं आणि मेअखेर मळभ येऊ लागतं. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत रातांबे (कोकमाची फळं) फोडून झालेले हवेत. कौलं परतायला माणूस त्याहून आधी सांगून ठेवायला हवा, कारण आगोटीच्या (पावसाळा लागण्याच्या) तोंडावर तो सगळ्यांनाच हवा असतो. गणपतीचंही तसंच. रेल्वेचं आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं. चाकरमान्यांनी ती तारीख मोजून आजच लिहावी. परीक्षेचा अभ्यास आणि घराची डागडुजी यांनाही हीच रीत लावा.

मोजताना अंदाज हमखास कमी पडतो. डॅनियल काहनेमन आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये ही प्रवृत्ती मांडली: हातातलं काम किती वेळ घेईल हे ठरवताना माणूस तशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला होता ते बघत नाही. उपाय साधा आहे. काम संपलं की लागलेला वेळ त्याच तारखेच्या चौकटीत लिहा. पुढच्या वेळी मनातला आकडा सोडून तो धरा.

आणि मोकळी जागा ठेवा. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक लावते आणि गाड्या सावकाश चालवते. आपण मात्र जुलैतही घाट मेइतक्याच वेळात उतरू असं धरून चालतो. पावसाळ्यात एका दिवसात एकच मोठं काम ठरवा.

एका गोष्टीवर मी अडून बसेन. घरातल्या बाईचा वेळ कोणी मोजत नाही. तो कायम मोकळाच आहे असं धरून सगळ्यांची कामं त्यात घुसवली जातात. म्हणून कॅलेंडर स्वयंपाकघरात लावा आणि तिचीही कामं तिथे दिसू द्या: बचतगटाची बैठक, दुपारची विश्रांती, वाचन. त्या चौकटीत दुसरं काही लिहायचं तर आधी तिला विचारा.

वयाबरोबर पद्धत बदलते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एखादं काम पूर्ण सोपवा, उदाहरणार्थ रोजची भरती काढून पाटीवर लिहिणं. कॉलेजच्या मुलांना आपल्या तारखा स्वतः मागे मोजू द्या. निवृत्त होऊन गावी परतलेल्यांना कचेरीची वेळ उरत नाही आणि दिवस नुसते निघून जातात. त्यांनी सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक काम पक्कं ठेवावं, शक्यतो माणसांत नेणारं.

नवं कॅलेंडर भिंतीला लागलं की जुनं फेकू नका. त्यावरच्या नोंदी नव्यावर उतरवून घ्या. सणांच्या नोंदी तिथीप्रमाणे उतरवा, कारण सण दरवर्षी सरकतात. पावसाच्या नोंदी तारखेप्रमाणे, कारण मृग जूनच्या त्याच आठवड्यात लागतो.