जुना फ्लॅट घ्यायचा, नीट करायचा आणि मग विकायचा की भाड्यानं ठेवायचा? पुण्यातला आमचा अनुभव

पुण्यात जुने फ्लॅट घ्यायचे, दुरुस्त करायचे, काही विकायचे आणि काही भाड्यानं ठेवायचे हे काम मी आणि माझा नवरा गेली काही वर्षं करतोय. कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि सिंहगड रस्ता हा आमचा पट्टा. हल्ली ओळखीतली तरुण मुलं नेमानं विचारतात, "ताई, आम्हालाही यात उतरायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात: पडकं घर घेतलं, दोन-तीन महिन्यांत चकाचक केलं आणि दणक्यात विकलं. तिथल्या बहुतेक राज्यांत घर घेताना सरकारला सात टक्के मोजावे लागत नाहीत, ही एकच गोष्ट आपलं सगळं गणित बदलते. म्हणून टोकनचा चेक फाडण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

समजा, कर्वेनगरात नव्वदच्या दशकातल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके ६० लाखांना ठरला. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली किंमत जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर. नोंदणी फी ३० हजार. एजंटाचा १ टक्का धरला तर ६० हजार. वकिलाचे पंधरा-एक हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार (महापालिका क्षेत्रात याहून जास्त घेता येत नाही, कुणी 'ऐच्छिक देणगी' म्हणून मागितली तर नम्रपणे नाही म्हणा). दुरुस्तीला ५ लाख धरा. ४५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलंत आणि सहा महिन्यांत घर विकलंत, तरी व्याज एक लाख नव्वद हजारांच्या घरात. मेंटेनन्स आणि विकताना पुन्हा एजंट. बेरीज सव्वातेरा लाखांच्या पुढे जाते. म्हणजे ६० लाखांचं घर ७३ लाख ३० हजारांना विकलं, तर तुम्ही जिथे होतात तिथेच. त्यावर मिळेल तो नफा. तोही २४ महिन्यांच्या आत विकल्यामुळे अल्पकालीन, म्हणजे तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबनं कर. २४ महिने उलटल्यावर विकलं तर १२.५ टक्के, पण २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला महागाईची वजावट नाही. आणि दरवर्षी दोन-तीन घरं फिरवू लागलात, तर आयकर खातं तो व्यवसायच धरू शकतं. चांगला सीए पहिल्या व्यवहाराआधी शोधा.

मुद्रांक शुल्क आणि दुरुस्तीचे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही. वरच्या उदाहरणात हातची रक्कम पंचवीस-सव्वीस लाख लागते. ही रक्कम आईवडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून उचलणार असाल, तर थांबा. रीसेलचा फ्लॅट पाहिजे त्या महिन्यात विकला जात नाही. पितृपक्षात गिऱ्हाईक येत नाही, मार्चमध्ये लोक पुढचे रेकनर दर काय होतात ते पाहत बसतात.

खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. सहमालक म्हणून नवऱ्याचं नाव घातलं की ती जाते. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये निघाली, म्हणून आता आमच्यासारख्यांना या सवलतीचा उपयोग होतो. आमचे सगळे फ्लॅट माझ्या नावावर आहेत.

आता मुद्द्यावर येते. खर्चच तेरा लाख असेल तर रंग मारून आणि मॉड्युलर किचन बसवून हे काम जमणार नाही. ते करायला गल्लोगल्ली लोक आहेत. आमची कमाई झाली ती दोनच ठिकाणी: ज्या घराला ओल आहे म्हणून लोक परत जातात तिथे, आणि ज्याच्या कागदांत गुंता आहे म्हणून वकील 'सोडून द्या' म्हणतात तिथे. अशी घरं कमी किमतीत मिळतात. अट एकच, ओल कुठून येते आणि गुंता कुठे आहे हे तुम्हाला विकणाऱ्याइतकं, जमल्यास त्याच्याहून जास्त, कळलं पाहिजे.

ओल पाहायची ती जुलै-ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात पाहिलेल्या घरावर विश्वास ठेवू नका, विकणारा नुकताच रंग देऊन बसलेला असतो. बेडरूमच्या ज्या भिंतीमागे बाथरूम आहे तिच्यापाशी जा आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत बोटाच्या पेरांनी ठोकत या. गिलावा सुटलेला असेल तर आवाज पोकळ येतो. रंगाला फुगे असतील, पांढरा खार फुटला असेल, तर पाणी बाथरूमच्या जमिनीखालून चढतंय. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांचे तुकडे भरून लादी घातलेली असते. न्हाणी ट्रॅपचा (जमिनीतल्या जाळीखालचं पाणी जायचं तोंड) सांधा सुटला की ते सगळं भरण पाण्यानं भिजून राहतं. भिंतीला वरून कितीही वॉटरप्रूफ रंग द्या, ते पाणी वाट शोधणारच. यावरचा इलाज खर्चिक पण ठरलेला आहे: लादी आणि भरण उचलायचं, पाइप बदलायचे, नवं वॉटरप्रूफिंग करायचं आणि ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला डाग आला नाही तरच लादी बसवायची. मिस्त्री घाई करतो, करू देऊ नका.

म्हणूनच घर पाहायला गेलं की मी परतताना खालच्या फ्लॅटची बेल वाजवते. 'वरचं घर घ्यायचा विचार आहे, तुम्हाला काही त्रास होतो का?' एवढंच विचारते. बहुतेक वेळा काकू आत बोलावतात आणि बाथरूमचं छतच दाखवतात. एजंटानं न सांगितलेलं सगळं तिथे कळतं: किती वर्षं गळतंय, सोसायटीला किती अर्ज दिले, वरचे कसे ऐकत नाहीत. तो डाग आमच्यासाठी वाईट बातमी नसते. बाथरूमचं पाणी दोन-अडीच लाखांत थांबतं आणि किंमत त्याच्या दुपटीनं उतरवता येते. गच्चीखालच्या मजल्यावरचं गळणं मात्र वेगळं. गच्ची सोसायटीची, निर्णय सर्वसाधारण सभेचा, आणि तुमचा पैसा तोवर अडकलेला. नवख्या माणसानं सगळ्यात वरचा मजला घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदांचं तसंच. सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) पाहा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा, पूर्णत्वाचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मूळ खरेदीखताची साखळी तपासा. हे कुठलाही वकील सांगेल. माझा भर एका गोष्टीवर आहे: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कोथरूडमधला असाच एक फ्लॅट आमच्याकडे आला. आई गेलेली, मृत्युपत्र नाही, नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव. तोच तिथे राहत होता आणि 'सोसायटीत आता माझंच नाव आहे' म्हणून एकटाच विकायला निघाला होता. बहीण सांगलीला, धाकटा भाऊ न्यू जर्सीला. हिंदू वारसा कायद्यानं तिघांचा हिस्सा सारखा. आधीचे दोन गिऱ्हाईक याच कारणानं माघारी गेले होते.

आम्ही किंमत ठरवली आणि सांगितलं की तिघांच्या सह्यांशिवाय खरेदीखत नाही. थोरल्याचं म्हणणं होतं, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घेऊ, ती काही मागत नाही. माझ्या नवऱ्यानं तिला फोन केला आणि फ्लॅटची ठरलेली किंमत स्पष्ट सांगितली. तोवर तिला तो आकडाच कुणी सांगितला नव्हता. शेवटी ती स्वतः पुण्याला आली आणि खरेदीखतावर सही केली, तिच्या हिश्शाचा चेक तिच्याच नावानं गेला. धाकट्यानं तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं. त्यात वेळ गेला, पण असा वेळ द्यायची तयारी हेच या कामातलं भांडवल आहे. बहिणीला अंधारात ठेवून स्वस्तात मिळणारं घर आम्ही घेत नाही. उद्या तिनं दावा लावला तर तुमचं घर अडकतं, हे खरंच. पण दावा लागणार नाही अशी खात्री असली तरी घेत नाही.

अनिवासी विक्रेत्याबद्दल एक सावधगिरी. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदारानं १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याचा आयकर, त्याच्या रकमेतूनच) कापून भरायचा, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. पण विकणारा परदेशी राहणारा असेल तर हा नियम लागू नाही. टीडीएसचा दर बराच जास्त असतो आणि ५० लाखांची मर्यादाही नसते. कमी कापलात तर वसुली तुमच्याकडून होते. पुण्यात घरटी एक मूल अमेरिकेत, त्यामुळे ही वेळ येतेच.

रोखीबद्दल फार लिहीत नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोकड घेणं कायद्यानं बंद आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होतो. 'थोडे वर द्या' म्हणणाऱ्याकडून आम्ही उठून येतो.

हद्दीलगतच्या गावांतल्या स्वस्त फ्लॅटांना भुलू नका. महापालिकेत २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावं आली. तिथे चांगल्या इमारतीही आहेत, पण एक-दोन गुंठ्यांवर परवान्याशिवाय उभ्या राहिलेल्याही आहेत. पूर्णत्वाचा दाखला नाही, चांगली बँक कर्ज देत नाही. तुम्ही कर्जाशिवाय घ्याल, पण तुमच्याकडून घेणाऱ्याला कर्ज कुठून मिळणार? हा गुंता सुटणारा नाही, एवढा फरक ओळखता आला पाहिजे.

दुरुस्तीत पैसा वायरिंग, नळ-पाइप, बाथरूम आणि ओट्यावर घाला. फॉल्स सीलिंग, वॉलपेपर यांचे पैसे परत येत नाहीत, कारण घेणाऱ्याला स्वतःच्या आवडीचं हवं असतं. सोसायटीची लेखी परवानगी, राडारोडा उचलायची सोय आणि दुपारी काम बंद, ही पथ्यं पाळली की शेजारी पुढच्या गिऱ्हाइकाजवळ चांगलं बोलतात. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार अशी कुजबुज असेल तर कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, ते आधी बघा. झालं असेल आणि सभासद खरंच तयार असतील, तर पाच लाखांची दुरुस्ती करू नका, जेमतेम राहण्याजोगं करून भाड्यानं द्या.

भाड्याचं गणित ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. तोच फ्लॅट, सगळं धरून साडेसत्तर लाखांना पडलेला. भाडं २० हजार मिळालं तर वर्षाचे २ लाख ४० हजार. त्यातून मेंटेनन्स, मिळकत कर, दोन भाडेकरूंमधला एखादा रिकामा महिना आणि किरकोळ दुरुस्त्या वजा जाता एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास उरतात, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. ४५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता ३९ हजार. भाड्यातून निम्माच सुटतो. 'भाडेकरू हप्ता भरेल' असं कुणी सांगत असेल तर त्याला हे आकडे दाखवा. कर्ज काढून निव्वळ भाड्यासाठी घर आम्ही घेत नाही. विकलेल्या घरांच्या नफ्यातून कर्ज जवळजवळ फिटलेलं घरच भाड्याला ठेवतो. घरात स्वतः राहत असाल तर पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते, भाड्यानं दिलं की ती बंद. हेही हिशेबात धरा. आयकरात मात्र भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत.

करार नेहमी लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदवलेलाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ नुसार तो नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, न नोंदवल्यास शिक्षेची तरतूद आहे. एजंट घरी येऊन अंगठा आणि फोटो घेतो, अर्ध्या तासाचं काम. मुदत संपूनही कुणी जागा सोडली नाही तर याच कराराच्या जोरावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्यायची. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क म्हणून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते. 'भाडेकरू ठेवलाय, दुप्पट मेंटेनन्स द्या' असं कमिटीनं म्हटलं तर लेखी मागा.

आडनाव विचारून घर नाकारणं आम्ही करत नाही, एजंटालाही तसं बजावून ठेवलंय. नोकरी, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर आणि महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आहे का, एवढंच पाहतो. लग्न न झालेल्या मुलींनी आमची घरं इतकी नीट ठेवलीत की कमिटीच्या बैठकीत मी त्यांच्यासाठी भांडले आहे. भाडेकरू राहायला येतो त्या दिवशी विजेच्या मीटरचं रीडिंग, प्रत्येक नळ, गीझर आणि भिंतींचे फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सअॅपवर ठेवायचे. जाताना तेच फोटो समोर ठेवून घर पाहायचं, काय कापायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं आणि डिपॉझिट त्याच दिवशी खात्यात टाकायचं. पुण्यात डिपॉझिटवरून जेवढी भांडणं होतात तेवढी भाड्यावरून होत नाहीत. आमच्या वारज्याच्या फ्लॅटला गेल्या वेळी एजंट लागलाच नाही. जाणाऱ्या मुलानं स्वतःच ऑफिसातला मित्र आणून दिला आणि रिकामा महिना वाचला.