फ्रिजला घरातील पाण्याची जोडणी: आधी पाणी पाहावे, मग नळी

दाराबाहेर गार पाण्याची तोटी आणि आत आपोआप बर्फ तयार करणारे यंत्र असलेले मोठे फ्रिज आता आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतही बरेच दिसू लागले आहेत. मात्र बाहेर तोटी दिसली म्हणजे त्या फ्रिजला नळाची जोडणी लागतेच असे नाही. काही मॉडेलांमध्ये आत एक छोटी टाकी असते आणि ती हाताने भरायची असते, तर काहींना पाव इंची नळीतून सतत पाणी पुरवावे लागते. प्लंबरला बोलावण्याआधी फ्रिजच्या मागची बाजू पाहावी. खालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचे टोपण लावलेले पाण्याचे प्रवेशद्वार असेल आणि खोक्यात पांढऱ्या बारीक नळीचे वेटोळे मिळाले असेल, तर तो फ्रिज जोडणीचा आहे. यांपैकी काहीच नसेल, तर त्याला नळ जोडण्याच्या फंदात पडू नये.

या कामाची बहुतेक माहितीपत्रके असे गृहीत धरतात की पाणी रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीतून पुरेशा दाबाने थेट घरात येते. आपल्या इमारतींत सहसा तसे नसते. पाणी ठरावीक वेळी खालच्या हौदात येते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग केवळ उंचीच्या जोरावर घरोघरी उतरते. त्यामुळे नळी जोडण्याचे अर्ध्या-पाऊण तासाचे काम हा या प्रकरणातला सोपा भाग आहे. खरा विचार करावा लागतो तो पाण्याच्या दाबाचा आणि ते पाणी कोणते घ्यायचे याचा.

आधी दाबाचे पाहू. अशा फ्रिजांना साधारणपणे किमान २० ते ३० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, हे दाबाचे एकक) आणि कमाल १२० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार, म्हणजे १४ पीएसआयच्या जवळपास दाब मिळतो. म्हणजे २० पीएसआयसाठी टाकी नळाच्या वर किमान १४ मीटर हवी. एका मजल्याचे ३ मीटर धरले, तर सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जेमतेम पुरेसा दाब मिळेल. सहाव्या-सातव्या मजल्यावर मात्र तो अर्ध्या बारच्या आसपासच राहील, मग आंघोळीच्या नळाला धार कितीही जाड दिसो. जाड धार म्हणजे जास्त दाब, हा समज येथे फसवतो. शिवाय हे गणित पाणी वाहत नसतानाचे आहे. सकाळी सगळ्या इमारतीचे नळ एकदम चालू झाले की दाब आणखी उतरतो.

अंदाजावर विसंबण्यापेक्षा अर्धा इंची आट्यांचा दाबमापक आणून तो सिंकखालच्या अँगल कॉकवर, म्हणजे भिंतीतून निघणाऱ्या छोट्या काटकोनी कॉकवर, बसवावा आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी एकदा व रात्री उशिरा एकदा वाचन घ्यावे. आपल्याकडच्या मापकांवर बहुधा किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असे अंक असतात. त्यातला १ म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय.

दाब कमी असला तर फार तर पेला भरायला वेळ लागेल, असे पुष्कळांना वाटते. नुकसान त्याहून मोठे असते. फ्रिजच्या पाठीमागचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह घट्ट बंद होण्यासाठी पाण्याच्या दाबाचीच मदत घेतो. दाब अपुरा असला तर तो पुरता मिटत नाही, थेंब थेंब पाणी बर्फाच्या साच्याकडे झिरपत राहते, ते भरण्याच्या नळीतच गोठते आणि यंत्र बंद पडते. किंवा साचा ओसंडून बर्फाच्या डब्यात एकसंध ढेकूळ तयार होते. लहान, पोकळ खडे पडू लागले तर यंत्राला दोष देण्याआधी दाब तपासावा.

दाब कमी निघाला तर छोटा दाबवर्धक पंप बसवता येतो. तो नेहमी आपल्या टाकीतून उतरणाऱ्या वाहिनीवर बसवावा. महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय वाहिनीतले पाणी ओढले गेल्याने शेजाऱ्यांचा पुरवठा तुटतो आणि गळक्या सांध्यांतून घाणही आत खेचली जाऊ शकते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. फ्रिजमधली गाळणी मुख्यतः सक्रिय कोळशाची असते. क्लोरीनचा वास आणि चव कमी करणे व बारीक गाळ अडवणे हे तिचे काम. पाण्यातले विरघळलेले क्षार ती काढत नाही, कठीण पाणी मृदू करत नाही, आणि पिण्यास असुरक्षित पाणी सुरक्षित करण्यासाठी ती बनवलेलीही नसते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि एकूण कठीणपणाची २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर त्या अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतल्या जातात. धरणाचे शुद्ध केलेले पाणी सहसा या मर्यादेत सहज बसते. ज्या सोसायट्यांत वर्षातले काही महिने टँकर आणि बोअरवेलवर निघतात, तेथे मात्र हिवाळ्यात केलेली तपासणी एप्रिल-मे महिन्यांत खरी राहत नाही. कठीण पाण्याच्या बर्फात गोठताना क्षार वेगळे पडतात, आणि तो बर्फ सरबतात विरघळला की पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते. तेच क्षार फ्रिजच्या व्हॉल्व्हमध्येही साठत जातात. साधा नियम असा ठेवावा की घरातली माणसे जे पाणी पितात तेच फ्रिजला द्यावे. नळाचे पाणी थेट पिण्याची सवय नसेल, तर ते थेट फ्रिजलाही जोडू नये.

येथेच आपल्याकडची सर्वांत नेहमीची चूक घडते. घरात भिंतीवर आरओ यंत्र टांगलेले असते, त्याच्या तोटीशी फाटा काढून नळी फ्रिजला जोडली की काम झाले, असे प्लंबरही सांगतो. परंतु भिंतीवरच्या यंत्रातली साठवण टाकी ही साधी टाकी असते. तिच्यात दाब नसतो. फूट-दोन फूट उंचीच्या बळावर पेला भरतो, पण फ्रिजचा व्हॉल्व्ह चालत नाही. अशा यंत्राच्या टाकीतून पाणी घ्यायचे असेल, तर मध्ये दाबाच्या स्विचसह छोटा पंप हवा: फ्रिजने पाणी मागितले की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, मागणी थांबली की दाब चढून तो बंद होतो. टाकी रिकामी असताना पंप कोरडा चालू नये, याचीही सोय करून घ्यावी. हमीच्या काळात टाकीला भोक पाडणे किंवा आतली नळी तोडणे हे त्या कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय करू नये.

दुसरा मार्ग म्हणजे सिंकखाली बसणारे, हवेच्या दाबाच्या बंद टाकीचे आरओ यंत्र. त्याच्या टाकीत पाणी दाबाखालीच साठते, म्हणून वेगळा पंप बहुधा लागत नाही. मात्र यंत्रात येणारा दाब साधारण ४० पीएसआयच्या वर हवा किंवा यंत्रातच पंप असावा. नवे स्वयंपाकघर बांधले जात असेल, तर माझे मत निःसंशय याच पर्यायाला आहे. आरओचे पाणी देणार असाल, तर फ्रिजमधली गाळणी काढून तिच्या जागी पुस्तिकेत सांगितलेले बायपास टोपण बसवता येते का, तेही पाहावे. आधीच स्वच्छ असलेले पाणी पुन्हा गाळण्यात दाब मात्र वाया जातो.

एवढे ठरले की हत्यारे काढावीत. थेट नळाच्या वाहिनीवरून पाणी घेताना सिंकखालचा थंड पाण्याचा अँगल कॉक निवडावा. गिझरची किंवा सौर बंबाची वाहिनी चुकूनही घेऊ नये. ट्रॉलीच्या मागच्या अंधारात दोन्ही कॉक सारखेच दिसतात, म्हणून नळ सोडून हाताने खात्री करावी. फ्रिजचा प्लग काढावा, कॉक बंद करावा आणि वरचा नळ उघडून वाहिनीतला दाब उतरवावा. मग कॉकवरचा कनेक्शन पाइप सोडवून मधे अर्धा इंची पितळी फाटा बसवावा, ज्याच्या बाजूला पाव इंची नळीसाठी छोटा बॉल व्हॉल्व्ह असतो. आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात तो इनलेट व्हॉल्व्ह म्हणून मिळतो. प्लॅस्टिकचा स्वस्त मिळतो, पण येथे काटकसर करू नये. या सांध्यावर रात्रंदिवस दाब असतो आणि तो तुटला तर पाणी थेट घरभर होते.

बाहेरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट ताणून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे द्यावेत. उलट दिशेने दिलेली टेप फिरवताना गोळा होऊन बाहेर येते. फाटा आधी हाताने बसेल तेवढा बसवावा आणि मग पान्याने थोडाच कसावा. कसताना दुसऱ्या पान्याने अँगल कॉक धरून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. भिंतीतली वाहिनी सीपीव्हीसीची (कडक प्लॅस्टिकची) असेल, तर सगळा पीळ तिच्या कोपऱ्यावर जातो. तो सांधा आतल्या आत तडकला, तर महिन्याभराने शेजारच्या भिंतीवर ओल दिसेपर्यंत कळत नाही.

नळी खाद्योपयोगी दर्जाची, पाव इंची, एकाच अखंड तुकड्याची असावी. मध्ये सांधा नको. लांबी मोजताना फ्रिजमागे दोन मीटरभर वेटोळे राहील एवढी जास्त धरावी, म्हणजे सफाईसाठी फ्रिज पुढे ओढला तरी नळी ताणली जात नाही. शेगडीजवळून आणि फ्रिजच्या तापणाऱ्या भागाला चिकटून ती नेऊ नये. ट्रॉलीच्या फळीतून न्यायची असल्यास भोकाला रबरी कडी लावावी. तळमजल्यावर किंवा जुन्या इमारतीत उंदरांचा वावर असेल, तर नळी केसिंग पट्टीतून न्यावी किंवा पोलादी जाळीचे आवरण असलेली घ्यावी. मऊ प्लॅस्टिक कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते. तांब्याची नळी आरओच्या पाण्याला वापरू नये, कारण क्षार काढलेले पाणी तांबे हळूहळू खाते.

फ्रिजला जोडण्याआधी नळीचे मोकळे टोक बादलीत धरून व्हॉल्व्ह उघडावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन लिटर जाऊ द्यावे. टेपचे तुकडे, वाहिनी कापतानाचा भुसा, टाकीतला गाळ हे सगळे यात निघून जाते. एरवी ते फ्रिजच्या व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत अडकते.

आता शेवटचा सांधा, फ्रिजच्या मागच्या जोडाचा. नळीचे टोक धारदार पात्याने अगदी काटकोनात कापावे. कात्रीने कापल्यास ते चपटे होते आणि तेथूनच गळती सुरू होते. टोकापासून १५ मिलिमीटरवर पेनाने खूण करावी. नळी जोडात सरळ ढकलताना आधी दातेरी कडीचा हलका अडसर लागतो, मग रबरी वर्तुळाचा जरा अधिक चिवट अडसर. तेथे थांबण्याचा मोह होतो, परंतु खूण जोडाच्या तोंडाशी येईपर्यंत नळी दाबावी. नंतर कडीखाली छोटी अडकवण सरकवावी आणि नळी जोराने ओढून पाहावी. ती किंचित मागे येऊन घट्ट धरली गेली पाहिजे. पुढे कधी नळी काढायची झाली, तर दाब उतरवून कडी आत दाबून धरावी आणि मगच ओढावी. बाहेरून लावायची गाळणी दिली असेल, तर तिच्यावरचा बाण फ्रिजच्या दिशेने आहे ना, ते पाहावे.

व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळून पाहावा. दहा मिनिटांनी एकदा, तासाभराने एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, अशी तपासणी करावी. रात्रभराची तपासणी टाळू नये, कारण टाकी भरलेली आणि इमारतीतले सगळे नळ बंद, अशा वेळीच दाब सर्वाधिक असतो. तोपर्यंत फ्रिज भिंतीला सरकवू नये.

त्यानंतर प्लग लावून तोटीची कळ पाच सेकंद दाबावी, पाच सेकंद सोडावी, असे करत नळीतली हवा काढावी. सुरुवातीला पाणी फुत्कारत येते, गाळणी नवी असल्यास काळसरही येते. सुमारे १० ते १२ लिटर पाणी असे जाऊ द्यावे आणि ते झाडांना घालावे. बर्फाला घाई करू नये. फ्रिज नवा असेल तर आतले तापमान उतरून पहिला बर्फ पडायला २४ तासही लागतात, आणि सुरुवातीच्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्यावा. फ्रिज मागे सरकवताना एकाने बाजूने टॉर्च धरून नळीचे वेटोळे चाकाखाली येत नाही आणि तिला मुरड पडत नाही, हे पाहावे.

गाळणी साधारण दर सहा महिन्यांनी बदलावी लागते; टँकरच्या पाण्यावर ती त्याआधीच तुंबते आणि तोटीची धार बारीक होऊ लागते. आरओच्या पाण्यात क्लोरीन राहत नसल्यामुळे तोटी चार-पाच दिवस वापरली नसेल, तर पहिले एक-दोन लिटर पाणी सोडून द्यावे. दिवाळीत किंवा मे महिन्यात घर काही दिवस बंद राहणार असेल, तर बर्फाचे यंत्र बंद करून सिंकखालचा छोटा व्हॉल्व्ह फिरवून ठेवावा, आणि तो कोठे आहे व कसा बंद करायचा हे घरातल्या प्रत्येकाला एकदा दाखवून ठेवावे.