गिझर गळतोय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पाऊस लागला की घरोघरी गिझर सकाळ-संध्याकाळ चालू राहतो. अशा वेळी खाली पाणी ठिबकताना दिसले की बादली लावून अंघोळी उरकल्या जातात. सर्वात धोक्याची चूक हीच आहे. गळणारे पाणी आतल्या वायरींपर्यंत पोहोचले आणि अर्थिंग नीट नसले, तर नळालाही करंट येऊ शकतो. म्हणून कोरड्या हाताने आधी एमसीबी (गिझरची वीज तोडणारा बोर्डावरचा खटका) पाडावा आणि मगच गिझरकडे जावे.

त्यानंतर पाणी नेमके कुठून येते ते पाहावे. बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त पाणी तापताना थेंब पडत असतील, तर ती बहुधा गळती नसते. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 65 अंशांपर्यंत तापले की ते सुमारे 400 मिलिलिटरहून अधिक फुगते आणि टाकीतला वाढलेला दाब हा व्हॉल्व्ह सोडून देतो. त्रास नको म्हणून त्याचे तोंड बूच मारून किंवा एम-सील लावून बंद करणारे लोक आहेत. असे कदापि करू नये, कारण थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर वीज तोडणारा भाग) बिघडला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी ती महत्त्वाची वाट असते. गिझर बंद असतानाही धार लागत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलावा.

कनेक्शन पाईपच्या जोडावर पाणी दिसले, तर वॉशर बदलून आणि टेफ्लॉन टेप गुंडाळून बहुतेक वेळा काम भागते. पाना लावून जोर देत राहिल्यास आटेच जातात.

खालच्या झाकणातून तांबूस पाणी येत असेल, तर गॅस्केट (झाकणाची रबरी चकती) गेले आहे किंवा टाकी गंजली आहे. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. कॉइलवर क्षाराचा थर साचतो, आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी संपली की गंज थेट टाकीला धरतो. सर्व्हिसिंगच्या वेळी ती कांडी बाहेर काढून दाखवायला मेकॅनिकला आवर्जून सांगावे. टाकीलाच छिद्र पडले असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालवू नयेत, गिझर बदलावा.

दुरुस्तीनंतर लगेच बटण दाबण्याची घाई नडते, कारण रिकाम्या टाकीत कॉइल जळते. गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून हवा न येता सलग धार पडू लागली, की मगच एमसीबी चढवावा.