प्रॅक्टिकलचे मार्क बटण दाबायच्या आधीच जातात

रेडिओग्राफीच्या विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल मी बरीच वर्षं घेते. परीक्षा जवळ आली की सगळ्यांचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, कुठल्या व्ह्यूला किती केव्ही?" केव्ही म्हणजे एक्स-रे ट्यूबला द्यायचे किलोव्होल्ट. हे आकडे पाठ हवेतच, पण आकड्यांवर नापास झालेले मी फार थोडे पाहिलेत. बहुतेकांचे मार्क पेशंट आत येऊन उभा राहीपर्यंतच गेलेले असतात.

माझेही तसेच गेले होते. विद्यार्थिनी असताना परीक्षेतल्या एका स्टेशनवर, म्हणजे एकेक काम करून दाखवायच्या जागी, फॉर्म होता डाव्या मनगटाचा, आणि पेशंट म्हणून बसवलेल्या बाईंच्या उजव्या मनगटाला बँडेज. मी फॉर्म वाचला, बँडेज पाहिलं आणि सरळ उजवा हात टेबलावर घेतला. पोझिशनिंग छान, कोलिमेशन (बीमची चौकट) नेटकं, उजव्या बाजूचा 'आर' मार्कर जागच्या जागी. परीक्षक शेवटपर्यंत गप्प राहिले. स्टेशन नापास. "कुठे दुखतंय?" एवढं विचारून, उत्तर फॉर्मशी जुळत नाही म्हणून डॉक्टरांना फोन करते असं म्हणायचं होतं.

तेव्हा सराव इथून सुरू करा. पेशंटला नाव सांगू नका, विचारा. "तुम्हीच अमुक ना?" म्हटलं की घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस मान डोलावतो. "पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा," मग फॉर्मशी ताडा. कोणता भाग, कोणती बाजू, काय झालं, याच भागाचा एक्स-रे आधी कधी काढलाय. बाईचं वय गर्भधारणेचं असेल आणि पोट किंवा कंबर बीममध्ये येणार असेल तर पाळीची तारीख विचारायची, आणि ती चारचौघांत नाही. ही वाक्यं मोठ्याने म्हणून घोटा. मनातल्या मनात केलेला सराव परीक्षेत उपयोगी पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

ठरावीक मिनिटांची स्टेशनं आणि प्रत्येकासाठी सारखी चेकलिस्ट ही पद्धत, म्हणजे ऑस्की, रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली. चेकलिस्टवर खूण होते ती दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या गोष्टीला. म्हणून हात धुताना, डिटेक्टर (इमेज टिपणारी पाटी) पुसताना, मार्कर लावताना काय करताय ते बोला. थोडं विचित्र वाटतं, वाटू द्या.

छातीचा पीए, म्हणजे पाठीकडून पुढे जाणाऱ्या बीमचा व्ह्यू, नीट घोटलात तर अर्धी व्हायवा (तोंडी परीक्षा) त्यातच निघते. ट्यूबपासून डिटेक्टर १८० सेंटिमीटर. का? अंतर कमी केलं तर हृदयाची सावली मोठी पडते. पीए का? हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, ते डिटेक्टरजवळ यावं म्हणून. खांदे पुढे का ढकलायचे? खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकावीत म्हणून. श्वास दोनदा घ्यायला लावा. दुसरा जास्त खोल जातो. एक्सपोजर झाल्यावर "आता सोडा" म्हणायला दरवर्षी कोणीतरी विसरतं, आणि पेशंट बिचारा लाल होऊन उभा.

इमेज समोर आली की "चांगली आहे" म्हणून सुटका नाही. कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या काट्यांपासून सारख्या अंतरावर आहेत का, मागच्या नऊ-दहा बरगड्या डायफ्रामच्या वर मोजता येतात का, फुफ्फुसांची वरची टोकं आणि खालचे कोपरे पूर्ण आलेत का. दोष दिसला तर तो कशाने आला, आणि त्यासाठी पुन्हा एक्सपोजर द्यायचं का, हेही सांगा. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या इमेजमध्ये मिळत असेल तर फक्त देखणेपणासाठी रिपीट करू नका.

गणित दोनच प्रकारचं, पण हातात हवं. १०० सेंटिमीटर अंतराला १० एमएएस (ट्यूबमधला करंट गुणिले वेळ) लागत असतील तर १८० ला सव्वातीन पट, म्हणजे सुमारे ३२. केव्ही १५ टक्क्यांनी वाढवला, समजा ८० चा ९२, तर एमएएस निम्मा.

लॉगबुक सगळे भरतात. मी आणखी एक वही ठेवायला लावते, रिपीट झालेल्या इमेजेसची: व्ह्यू, दोष, कारण. एका मुलाच्या वहीत दहापैकी सात छात्यांचे खालचे कोपरे कापलेले निघाले. तो स्वतः चांगला उंच. डिटेक्टर स्वतःच्या अंदाजाने लावायचा. वरची कड पेशंटच्या खांद्यापासून साधारण पाच सेंटिमीटर वर धरायला लागला आणि तो दोष गेला. वही नसती तर हे त्याला कळलं नसतं, मलाही नाही.

बायोमेडिकलवाल्यांनो, म्हणजे लॅबवाल्यांनो, तुमचं बटण म्हणजे ॲनालायझरचं. पेशंटच्या आकड्याआधी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, बघा. दोन एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन) बाहेर तो वीसात एकदा नुसत्या योगायोगानेही जातो. तीनच्या बाहेर गेला तर रन थांबवा आणि कारण शोधा. बरोबर येईपर्यंत तोच कंट्रोल पुन्हा पुन्हा लावत बसणं हे परीक्षकाला लगेच कळतं.

आणि मधेच चूक लक्षात आली तर थांबा, मोठ्याने सांगा, दुरुस्त करा. मागे एक मुलगी एक्सपोजरच्या बटणावर अंगठा ठेवून थबकली. "मी बाजू विचारलीच नाही," म्हणाली, आणि बाहेर येऊन पेशंटला विचारलं. त्यात वेळ गेला, इमेजवरचा शेवटचा प्रश्न राहिला. मी तिला पास केलं.